विमानतळावरची रांग नक्की कुठे अडते?

दादाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून गेल्या वर्षी आई, बाबा आणि मी बंगळुरूला निघालो. कोणत्या विमानतळावरून ते सांगत नाही, कारण हा प्रसंग तुमच्याही शहरात कधी ना कधी घडलेला असणार. चेक-इन पटकन झालं आणि आम्ही सुरक्षा तपासणीपाशी पोहोचलो. पुरुषांसाठी तीन रांगा, बायकांसाठी पडद्याआडची एकच खोली. बाबा पाच मिनिटांत पलीकडे गेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आत धातूचा सांधा आहे, त्यामुळे तिच्याजवळ यंत्र वाजणार हे ठरलेलंच होतं. आम्ही दोघी अजून रांगेतच आणि आईची पर्स, माझा लॅपटॉप, बाबांचा पट्टा असे आमचे तीन ट्रे मात्र एक्स-रेमधून निघून बेल्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले होते. बाबा एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हाताने तिन्ही ट्रे राखत उभे होते. मागचे लोक म्हणत होते, "काका, जरा सरका ना."

त्यात आईच्या हँडबॅगेतून नारळ निघाला. पूजेचा. जवान ताई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "मावशी, हा इथून नेता येत नाही." आईने चर्चा सुरू केली. मागे पन्नास माणसं ताटकळली.

विमान मिळालं, पण शेवटची हाक ऐकून धावत. विमानात बसल्यावर बाबा म्हणाले, "ही माणसं मुद्दाम वेळ लावतात." आई म्हणाली, "लावू देत, पण नीट तपासू देत." घराघरात या विषयावर अशाच दोन बाजू पडतात. एक म्हणते वेग हवा, दुसरी म्हणते सुरक्षा हवी. या विषयावर वाचायला लागल्यावर मला वाटायला लागलं की दोघांचंही थोडं चुकतंय. बहुतेक वेळा रांग आणि हलगर्जी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जन्माला येतात, आणि ते ठिकाण म्हणजे नियोजन.

आपल्याला वाटतं की खाकी गणवेशातला तो जवान म्हणजेच विमानतळाची सुरक्षा. खरं तर त्या एका रांगेचे चार मालक असतात. नियम ठरवतं नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस. मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी करतं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफ. यंत्रं, जागा, ट्रे, दिवे, पंखे यांची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीची किंवा प्राधिकरणाची. आणि कोणत्या तासाला किती विमानं सुटणार, प्रवाशाने किती बॅगा हातात घ्यायच्या, हे पाहायचं काम विमान कंपन्यांचं. यातल्या एकाचं जरी गणित चुकलं तरी शिव्या मात्र त्या जवानालाच बसतात.

ही घडी आपोआप बसलेली नाही, मोठी किंमत मोजून बसली आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बॉम्बस्फोटाने कोसळलं. ३२९ जण गेले. तो बॉम्ब ज्या बॅगेत होता, त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता, तरी बॅग मात्र पुढे गेली. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासायचं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं आणि हातात धरायच्या उपकरणावर काम भागवलं गेलं. यंत्र बंद पडू शकतं, ते कुणाच्या हातात नसतं. पण बंद पडल्यावर काय करायचं आणि मालक नसलेली बॅग कुणी अडवायची, हे आधी ठरलेलं असायला हवं होतं. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये बीसीएएसला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. पुढे डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे आली. सुरुवात झाली फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून.

आता जरा अलीकडे येऊ. डिसेंबर २०२२ मधले दिल्लीच्या टर्मिनल ३ चे फोटो तुम्ही पाहिले असतील. सोशल मीडिया त्यांनी भरून गेला होता. कोविडनंतर लोक पुन्हा प्रवासाला निघाले होते, त्यात लग्नसराई आणि सुट्ट्या. तपासणीच्या रांगा इतक्या वाढल्या की इंडिगोने प्रवाशांना साडेतीन तास आधी या आणि सात किलोची एकच हँडबॅग आणा, असं कळवलं. देशांतर्गत प्रवासाला साडेतीन तास आधी! तेवढ्या वेळात दिल्लीहून विमान कोचीला पोहोचतं. १२ डिसेंबरला तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी न सांगता टर्मिनलला भेट दिली.

त्यानंतर काय केलं गेलं, ते मला जास्त रंजक वाटतं. एक्स-रे यंत्रं वाढवली, ते तर होणारच. त्याशिवाय प्रवाशांसाठी आणखी दोन दरवाजे खुले झाले. कोणत्या दरवाजावर किती थांबावं लागेल ते दाखवायला सुरुवात झाली. ट्रेमध्ये सामान कसं ठेवायचं ते सांगायला तपासणीच्या आधीच माणसं उभी केली. आणि गर्दीच्या तासातली काही उड्डाणं कमी करायची किंवा दुसऱ्या टर्मिनलवर हलवायची असं ठरलं.

शेवटच्या उपायाकडे नीट पाहा. तपासणीची रांग कमी करण्यासाठी वेळापत्रक बदललं. कारण रांगेचं गणित अगदी निर्दयी असतं. समजा, सगळ्या यंत्रांमधून मिळून तासाला हजार माणसं जाऊ शकतात आणि सकाळी सहा ते आठ या वेळात तासाला अकराशे येताहेत. दहा टक्क्यांचाच फरक, पण आठ वाजता दोनशे माणसं तुंबलेली असतात. त्यांना वाट करून द्यायला नंतरचा एखादा तास मोकळा हवा. तो तासही विमानांनी भरलेला असेल तर रांग दुपारपर्यंत हटत नाही. जवान कितीही चपळ असला तरी वेळापत्रकात झालेली चूक त्याला हाताने भरून काढता येत नाही.

मग त्याने हात भरभर चालवावा का? इथेच आईचं म्हणणं आठवतं. एक्स-रेच्या स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाचं काम आपल्याला सोपं वाटतं. बसून चित्रंच तर पाहायची! पण दिवसभर हजारो बॅगा पाहायच्या आणि त्यात धोकादायक वस्तू जवळजवळ कधीच नसते, हीच त्या कामाची सर्वांत अवघड बाजू आहे. हार्वर्डचे संशोधक जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामानासारख्या गिचमिड चित्रांमधून ठरावीक वस्तू शोधायला सांगितली. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती, तेव्हा लोकांच्या नजरेतून ती सुमारे ७ टक्के वेळा सुटली. शंभरातल्या एकाच चित्रात ती होती, तेव्हा सुटण्याचं प्रमाण गेलं ३० टक्क्यांवर. डोळे तेच आणि मेहनतही तीच, फक्त सापडण्याची आशा कमी झाली होती. तांदूळ निवडणाऱ्या कोणालाही हे पटेल. दर मुठीत खडा लागत असेल तर नजर तयार असते. दहा किलोत एकच खडा असेल तर तो नेमका दाताखाली येतो.

यावर उपाय आहेत, आणि ते सगळे व्यवस्थापनाचे आहेत. एक म्हणजे वेळेचा. युरोपातल्या नियमांप्रमाणे स्क्रीनसमोर साधारण वीस मिनिटांहून जास्त वेळ सलग बसवत नाहीत, मग जागा बदलतात. म्हणून पुढच्या वेळी स्क्रीनसमोरचा जवान उठून दुसरा बसताना दिसला, तर "यांना आत्ताच ड्युटी बदलायची होती" असं म्हणू नका. त्या बदलात तुमचीच काळजी आहे. दुसरा उपाय मला फार आवडला. एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रावर यंत्रच अधूनमधून पिस्तुलाचं किंवा स्फोटकाचं खोटं चित्र टाकतं. तपासणाऱ्याने बटण दाबलं की यंत्र सांगतं, 'ही चाचणी होती.' सुटलं तर त्याचीही नोंद होते. म्हणजे तांदळात मुद्दाम खडे टाकायचे, नजर मरू नये म्हणून! कोणत्या वेळी, किती तासांच्या ड्युटीनंतर चुका वाढतात, हे त्या नोंदींवरून वरिष्ठांना कळतं. मात्र त्या नोंदी कुणी वाचल्या आणि त्यावरून ड्युटीचा तक्ता बदलला, तरच त्यांचा उपयोग.

वेग आणि सुरक्षा यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं की काय होतं, याचा धडा अमेरिकेने लागोपाठ दोन वर्षांत घेतला. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी तपासनिसांनी प्रवासी बनून खोटी शस्त्रं आणि खोटी स्फोटकं तपासणीतून नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती सुटली. एकच गोंधळ उडाला. विमानतळांची तपासणी करणाऱ्या टीएसए या संस्थेच्या हंगामी प्रमुखांना हटवलं. मग नियम कडक झाले. झटपट रांगेत सरसकट कुणालाही पाठवणं बंद झालं, कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवलं. हे सगळं योग्यच होतं. पण तपासणारे हात आधीच कमी झाले होते आणि प्रवासी वाढत होते. २०१६ च्या मे महिन्यात रांगा काही ठिकाणी दोन तासांवर गेल्या. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर एका रात्री एकाच विमान कंपनीचे सुमारे साडेचारशे प्रवासी अडकले आणि बऱ्याच जणांना खाटांवर रात्र काढावी लागली.

त्याच वर्षी २२ मार्चला ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले होते. विमानात नाही, तपासणीच्या आधीच्या हॉलमध्ये, चेक-इनसाठी जमलेल्या लोकांत. जूनमध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर हल्ला झाला, तोही टर्मिनलमध्ये. म्हणजे न तपासलेल्या माणसांची मोठी गर्दी हाच एक धोका असतो. बाबांची 'लवकर आटपा' आणि आईची 'नीट तपासा' ही दोन वाक्यं इथे एकच होतात. रांग लहान ठेवणं हे सुरक्षेचंच काम आहे, फक्त ते तपासणी अर्धवट करून साधायचं नसतं.

अमेरिकेने पुढे काय केलं? मोठ्या विमानतळांची गर्दी रोज एका ठिकाणाहून पाहायची, आज कुठे किती प्रवासी येणार ते विमान कंपन्यांकडून विचारून घ्यायचं आणि त्याप्रमाणे माणसं हलवायची, हे सुरू झालं. अटलांटामध्ये डेल्टा या विमान कंपनीने स्वतःच्या खर्चाने दोन नव्या धर्तीच्या लाइनी बांधून दिल्या. त्यातली कल्पना साधी आहे. जुन्या पद्धतीत पुढचा माणूस बूट काढेपर्यंत मागचे सगळे थांबतात. नव्या लाइनीत पाच जण शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी आपापले ट्रे भरतात, ज्याचा आधी होईल त्याचा आधी पुढे जातो. संशय आलेली बॅग आपोआप बाजूच्या पट्ट्यावर वळते, बाकीच्या बॅगा थांबत नाहीत. रिकामे ट्रे खालून परत येतात. आपल्याकडेही मोठ्या विमानतळांवर अशा लाइनी आल्या आहेत. तपासणी तीच राहिली, फक्त एकाच्या उशिरामुळे सगळे अडकणं थांबलं.

आणि कधी कधी एखादी पायरी काढूनही टाकता येते. पूर्वी हँडबॅगेला दोरीचा टॅग बांधायचो, तपासणीनंतर त्यावर शिक्का मारायचे, आठवतंय? टॅग तुटला किंवा शिक्का राहिला की दाराशी गेल्यावर परत मागे. २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद आणि कोची या विमानतळांवर हा शिक्का बंद झाला. पण तसाच नाही. कॅमेरे आणि इतर सोय पुरेशी झाल्याशिवाय सीआयएसएफने होकार दिला नाही, आधी काही दिवस चाचणीही झाली. जुना बंदोबस्त काढायचा तर त्याचं काम दुसरं कोण करतंय, ते आधी दाखवावं लागतं.

डिजियात्राबद्दल मात्र माझं मत थोडं सावध आहे. चेहरा दाखवून आत जायची ही सोय १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. योगायोग बघा, दिल्लीतल्या त्या गर्दीच्याच पंधरवड्यात! ओळखपत्र दाखवायची रांग तिने खरंच कमी होते, मीही वापरते. पण ती तुम्हाला फक्त एक्स-रेपर्यंत लवकर पोहोचवते. पुढे यंत्रं आणि माणसं तेवढीच राहिली, तर दारातली रांग फक्त आत सरकते. स्वयंपाकघराचं दार रुंद केल्याने गॅसच्या शेगड्या वाढत नाहीत.

बायकांच्या पडद्याआडच्या खोलीबद्दल तर फारसं कुणी बोलतच नाही. आपल्याकडे प्रत्येक प्रवाशाला हातातल्या यंत्राने तपासतात. बाईची तपासणी बाईनेच आणि आडोशाला करायची, हे अगदी योग्य आहे. पण म्हणजे तिला थोडा जास्त वेळ लागणार, साडी, बांगड्या, कडेवर मूल हे सगळं धरून. मग तिथे खोल्या आणि महिला जवान जास्त हव्यात, कमी नव्हे. सकाळच्या कामाच्या विमानांत पुरुष जास्त असतील. पण सणासुदीच्या, सुट्टीच्या दिवसांत तोच तक्ता चालत नाही. शिवाय बाईचं सामान तिच्या आधी पलीकडे पोहोचतं आणि पाच-दहा मिनिटं कुणाच्याही हाताशी पडून राहतं. यात सोयीइतकाच सुरक्षेचाही प्रश्न आहे. प्रवासानंतर विमानतळाच्या अभिप्राय अर्जात मी एवढी एकच गोष्ट लिहिली. तुम्हीही लिहा. चांगलं-वाईट असे मोघम तारे देण्यापेक्षा 'सकाळी सात वाजता महिलांसाठी एकच खोली सुरू होती' हे वाक्य जास्त कामाचं असतं.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. आपला वाटा छोटा असला तरी रांगेतल्या प्रत्येकाने एकेक मिनिट वाचवलं तर काय होईल, ते वरच्या गणितावरून कळेलच. आमच्या घरात आता काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. घड्याळ, पाकीट, नाणी, मोबाइल हे सगळं रांगेत असतानाच हँडबॅगेच्या एका कप्प्यात जातं, म्हणजे ट्रेपाशी खिसे चाचपायला नकोत. लॅपटॉप सगळ्यात वर. नव्या, सर्व बाजूंनी पाहणाऱ्या यंत्रांत तो बाहेर काढावा लागत नाही, पण सगळीकडे ती यंत्रं नाहीत, म्हणून जवान सांगतील तसं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात कधीच नाही. ती पेटली तर निदान डोळ्यांसमोर पेटावी, हा त्यामागचा विचार. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या उभ्या विमानाला आग लागली, तेव्हा तपासात संशय पॉवर बँकवरच गेला. देवाच्या पिशवीतली काडेपेटी आणि लायटर घरीच. तूप आणि लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत, नीट बांधून. परदेशी जाणार असाल तर हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव शंभर मिलीलिटरच्या आत. हा नियम २००६ मध्ये लंडनहून सुटणाऱ्या विमानांत द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आल्यानंतर आला.

आणि हो, जवानाने तुमच्या बॅगेवर कागदाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली तर घाबरू नका. स्फोटकाचे बारीक कण आहेत का, ते त्यातून पाहतात. कुणाचीही बॅग त्यासाठी निवडली जाऊ शकते.

घरच्यांसोबत जाताना क्रमही ठरवा. ज्याला वेळ लागणार तो आधी. आता आम्ही आईला पुढे पाठवतो, मी तिच्या मागे, आणि आमचे ट्रे आमची पाळी जवळ आल्यावरच बेल्टवर ठेवतो. पलीकडचे ट्रे उचलून आधी बाकापाशी जायचं आणि मग पट्टा बांधायचा, हे बाबांना शिकवायला दोन प्रवास लागले.

राहिला नारळ. आईला तो प्रसंग फार लागला होता. "पूजेच्या नारळाचं काय भय?" वाळलेल्या नारळात तेल भरपूर असतं, तो पेट घेऊ शकतो, म्हणून विमानात नारळावर बंधनं आहेत. अख्खा नारळ हातातल्या बॅगेतून नेता येत नाही. सुकं खोबरं तर चेक-इनच्या सामानातही नको. पण नियमालाही वाट काढता येते, हे मी तिला नंतर सांगितलं. २०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातात घेऊन जायची परवानगी बीसीएएसने दिली होती, यात्रेच्या काळापुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंत. त्यासाठी एक्स-रे, कणांची चाचणी आणि हाताने तपासणी, तिन्ही करायचं ठरलं. आई म्हणाली, "मग सत्यनारायणाने काय घोडं मारलं होतं?"

यंदा पुन्हा बंगळुरूला गेलो. नारळ चेक-इनच्या बॅगेत होता, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला, वर विमान कंपनीच्या काउंटरवर विचारूनही घेतलेला. तपासणीत आईचा गुडघा वाजला, जवान ताईंनी बसवून तपासलं, आम्ही बारा मिनिटांत पलीकडे. दादाच्या घरी बॅग उघडली तर नारळ शाबूत होता. शेजारची काकवीची बाटली मात्र फुटली होती.